छातीचा फोटो आणि त्याची भावंडे



वसंतातल्या व्याख्यानांत श्रोत्यांना काव्यशास्त्रविनोदाची अपेक्षा असते, आणि आम्ही मात्र आज इस्पितळातल्या काळ्या फिल्मांची चळत घेऊन तुमच्यापुढे उभे आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण शाळेतच थांबले. पुढचे जे काही, ते युनियनच्या कचेरीत, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात आणि वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून. तरीही चालकांनी हा विषय आम्हांकडेच दिला, कारण सालवड, कुंभवली, कोलवडे, सरावली या गावांच्या मधोमध पसरलेल्या कारखान्यांत संघटनेचे काम करीत असताना कामगारांच्या छातीचे इतके फोटो आमच्या हातांखालून गेले आहेत, की एखाद्या लहान दवाखान्यातूनही तितके जात नसतील.

या फोटोंविषयी आपल्याकडे दोन समजुती फार पक्क्या आहेत. पहिली अशी की, जो फोटो महाग तो चांगला. घरचे माणूस आजारी पडले म्हणजे नातेवाईक दवाखान्याच्या दारातच विचारतात, 'डॉक्टर, मोठा फोटो काढायचा का?' मोठा फोटो म्हणजे सीटी स्कॅन. दुसरी समजूत याच्या अगदी उलट आहे, आणि ती कारखान्याच्या बाजूने मांडली जाते: 'फोटो साफ आला आहे, तेव्हा माणसाला काही झालेले नाही.' पहिल्या समजुतीपायी गरिबाचा पैसा जातो. दुसरीपायी त्याचा हक्क जातो, आणि पुष्कळदा हक्काबरोबर दमही जातो. म्हणून क्ष-किरणांनी काढायच्या चित्रांचे प्रकार किती, कोणते चित्र कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आणि कोणत्या प्रश्नापुढे ते मुके राहते, एवढेच आज सांगावयाचे आहे. सोनोग्राफी आणि एमआरआय यांना आम्ही हात लावणार नाही. सोनोग्राफी ध्वनीच्या लहरींनी होते, एमआरआय चुंबकाने होते. त्या दोहोंत क्ष-किरण नसतातच. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण 'एमआरआयने अंगात किरण भरतात' असे छातीठोकपणे सांगणारे गृहस्थ आम्हांस बोईसरच्या स्टेशनावरच भेटले आहेत.

मूळ गोष्ट सर्वांना ऐकून ठाऊक असेल. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या व्युर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन हे प्राध्यापक अंधाऱ्या खोलीत एका निर्वात नळीतून वीज सोडीत होते. नळी काळ्या कागदाने झाकलेली असूनही दूरचा एक लेप दिलेला पडदा उजळू लागला. किरण कसले ते कळेना, म्हणून गणितातल्या अज्ञात राशीचे नाव त्यांना दिले: क्ष. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीचा हात त्या किरणांपुढे धरला आणि हाडे व बोटातली अंगठी फोटोच्या काचेवर उमटली. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आमच्या मनाला विशेष भावते ते हे की, या गृहस्थांनी शोधाचे पेटंट घेतले नाही. घेतले असते तर आज सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो कोणत्या भावाने पडला असता, याचा हिशेब आपणच करावा.

यंत्राची रचना त्या काळापासून मुळात बदललेली नाही. निर्वात नळीत एका टोकाची तार तापते, तिच्यातून निघालेले विद्युत्कण हजारो व्होल्टांच्या दाबाने धावत जाऊन धातूच्या तबकडीवर आपटतात. त्या आपटण्याची नव्याण्णव टक्क्यांहून अधिक शक्ती नुसती उष्णता होऊन वाया जाते. उरलेल्या अंशाचे क्ष-किरण होतात. हे किरण शरीरातून जाताना वाटेत अडतात. हवेत जवळजवळ अडत नाहीत, चरबीत थोडे, मांसात व पाण्यात अधिक, आणि हाडातल्या चुन्यात पुष्कळ. पलीकडे जितके पोहोचतात तितकी फिल्म काळी होते. म्हणून हवेने भरलेले फुप्फुस काळे दिसते आणि बरगडी पांढरी. कंदिलासमोर हात धरून भिंतीवर हरणाची सावली पाडतात, तशीच ही सावली आहे. फरक इतकाच की कंदिलाचा उजेड हातात शिरत नाही आणि हा शिरतो.

सावली म्हटले की तिचे गुण आणि दोष दोन्ही आले. छातीच्या साध्या फोटोत पुढच्या बरगड्या, मागच्या बरगड्या, हृदय, कणा, फुप्फुसे, सारे एकावर एक पडून एकाच पातळीत चेपले जाते. हृदयाच्या मागे लपलेली गाठ समोरून दिसत नाही; म्हणून डॉक्टर कधीकधी बाजूनेही फोटो काढतात. नळी छातीपासून सहा फुटांवर ठेवतात, कारण जवळून काढला तर सावली फुगते आणि निरोगी हृदय मोठे दिसते. खाटेवर निजवून, वॉर्डातल्या चाकांच्या यंत्राने काढलेल्या फोटोत असा घोटाळा हमखास होतो. आणि तंत्रज्ञ जेव्हा सांगतो, 'श्वास घ्या, रोखा,' तेव्हा तो शिष्टाचार म्हणून सांगत नाही. अर्ध्या श्वासात काढलेल्या फोटोत फुप्फुसाचा तळ दाटलेला दिसतो आणि नसलेला रोग तिथे वाचला जाऊ शकतो. कारखान्याच्या आवारात मोटार आणून एका दुपारी शेकडो माणसांचे फोटो उरकतात, तेव्हा प्रत्येकाचा श्वास पुरता भरून झाला की नाही हे पाहायला कोणाला फुरसत असते? असो.

या साध्या फोटोने आपल्या देशाची केवढी सेवा केली आहे! ब्राझीलमधल्या मानुएल द अब्रेऊ या डॉक्टराने १९३६ साली युक्ती काढली, की क्ष-किरणांची छाया आधी चमकत्या पडद्यावर पाडावयाची आणि त्या पडद्याचा कॅमेऱ्याने लहानसा फोटो घ्यावयाचा. फिल्मेचा खर्च एकदम उतरला. याच पद्धतीची यंत्रे गाड्यांवर चढवून १९५५ ते १९५८ या काळात भारतात क्षयरोगाची पहिली देशव्यापी पाहणी झाली. पुढे ही छोटी फिल्म मागे पडली, कारण तिच्यात किरण जास्त लागत आणि बारकावा कमी मिळे. पण मूळ कल्पना अजून जिवंत आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात जे रोगी सापडले, त्यांपैकी ४२.६ टक्के केवळ छातीच्या फोटोमुळे सापडले. खोकला, ताप अशी लक्षणे विचारून ते सापडलेच नसते. २०२४ च्या डिसेंबरात शंभर दिवसांची जी क्षयमोहीम निघाली, तिच्यात हातात धरता येणारी यंत्रे वस्त्यांपर्यंत गेली. डोंगराकडच्या पाड्यावरील माणसाला तालुक्याच्या दवाखान्यात आणण्यापेक्षा यंत्रच पाड्यावर नेणे केव्हाही सोपे. तिथे सीटी स्कॅनची बढाई उपयोगाची नाही.

आता आमच्या कामाशी लागून असलेली गोष्ट. या भागात पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्या आहेत. भट्टीला आतून जे अस्तर ठोकतात, त्याला कामगार 'रॅमिंग मास' म्हणतात. तो बहुतांशी गारगोटीचा चुरा. जुने अस्तर फोडताना आणि नवे ठोकताना जी धूळ उडते, तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसाच्या अगदी टोकापर्यंत जातात आणि तिथेच राहतात. त्यांच्याभोवती वण धरतात. याला सिलिकोसिस म्हणतात. धूळ बंद झाली तरी रोग वाढत राहू शकतो, आणि झालेला वण पुसणारे औषध नाही.

आमचा एक सोबती असे अस्तर फोडण्याचे काम अकरा वर्षे करीत होता. खोकला लागला, वजन उतरले, तेव्हा तो एका इस्पितळात गेला. फोटो काढला, दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागांत ठिपके. कागदावर 'क्षय' असे लिहिले गेले. सहा महिने औषध झाले. दोन वर्षांनी पुन्हा तेच ठिपके, पुन्हा औषध. दोन्ही वेळा थुंकीत जंतू सापडले नव्हते. दोन्ही वेळा, 'काका, तुम्ही काम काय करता?' हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. क्षय फुप्फुसाच्या वरच्या भागाला धरतो आणि सिलिकोसिसही तिथेच आधी दिसतो. त्यातून सिलिकोसिस झालेल्या फुप्फुसात क्षय लवकर शिरतो, म्हणजे दोन्ही एकत्रही असू शकतात. नुसती सावली पाहून हा तिढा सुटत नाही. धंदा विचारावा लागतो. अलीकडे फोटो वाचणारे संगणक आले आहेत. त्यांतले पुष्कळ क्षय हुडकण्यासाठी तयार केलेले आहेत. गारगोटीची भट्टी म्हणजे काय हे त्यांच्यापुढे कोणी मांडल्याशिवाय त्यांना ते कळावे कसे?

या सोबत्याने पत्र्याच्या पेटीत एक जुनी फिल्म जपून ठेवली होती. कामावर लागताना काढलेली, पूर्ण साफ. ती आणि नवी फिल्म शेजारी शेजारी लावली तेव्हा अकरा वर्षांत काय झाले हे सांगण्यास वकिलाची गरज उरली नाही. पुढे एका जाणत्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन करविला आणि फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या गाठींभोवती अंड्याच्या टरफलासारखी चुन्याची कड दिसली. ती खूण सिलिकोसिसकडे बोट दाखविते. परंतु मौज पाहा: भरपाईच्या कामात वैद्यकीय मंडळापुढे आधार मानला गेला तो त्या महागड्या स्कॅनचा नव्हे, साध्या फोटोचाच.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने, म्हणजे आय.एल.ओ.ने, धुळीच्या फुप्फुसरोगांसाठी छातीचे फोटो वाचण्याची एक पट्टी घालून दिली आहे. नमुन्याच्या फिल्मा ठरलेल्या आहेत. रोग्याची फिल्म त्यांच्या शेजारी लावावयाची आणि ठिपक्यांची दाटी शून्य, एक, दोन की तीन, ते ठरवावयाचे. ठिपक्यांचा आकारही मोजतात: दीड मिलिमीटरपर्यंतचे, दीड ते तीनचे, तीन ते दहाचे, दहाच्या पुढे गेला तर त्याला मोठा डाग म्हणतात. जगातल्या कोणत्याही देशातला डॉक्टर याच पट्टीने वाचतो. ही पट्टी साध्या फोटोसाठी बांधलेली आहे, सीटीसाठी नव्हे. शिंप्याच्या फुटपट्टीने दूध मोजता येत नाही, तसेच हे. आमचा सोबती आज आपल्या गावी आहे. भरपाई मिळाली. जिना मात्र त्याला चढवत नाही.

आता मोठ्या फोटोकडे वळू. त्याच्या मोठेपणाविषयी शंका नाही. फक्त तो कशात मोठा आहे हे नीट पाहिले पाहिजे. आपण किनाऱ्यालगतची माणसे, म्हणून बाजारातलाच दाखला देतो. अख्खी सुरमई उजेडापुढे धरली तर तिच्या पोटातले काही कळत नाही. कोळीण तिच्या तुकड्या पाडते तेव्हा प्रत्येक तुकडीत मधला काटा कुठे, पोटाची पोकळी कुठे, रक्ताची रेघ कुठे, सारे स्पष्ट होते. सीटी स्कॅन सुरी न लावता अशाच तुकड्या पाडतो. रोगी निजलेला असतो, त्याच्याभोवती नळी फिरते, आणि पलीकडच्या बाजूला मोजणारे डोळे प्रत्येक कोनातून किती किरण पोहोचले याचे आकडे टिपतात. एका कोनातली सावली लबाड असते. शेकडो कोनांतल्या सावल्यांचे आकडे संगणकाने सोडविले, की कोणत्या ठिकाणी किती घन पदार्थ आहे हे निघते. साध्या फोटोत डोळ्याला हवा, चरबी, मांस आणि हाड एवढेच वेगळे कळतात. सीटीत हवेला उणे १०००, पाण्याला शून्य आणि दाट हाडाला १००० च्या आसपास असा अंक देतात, आणि मधल्या बारीक पायऱ्याही ओळखता येतात. डोक्याला मार लागून मेंदूत रक्त साकळले असेल तर ते साध्या फोटोत दिसणे शक्यच नाही. सीटीत मिनिटांत दिसते. महामार्गावरच्या अपघातातला माणूस आणला आणि डॉक्टर त्याला आधी सीटीकडे पाठवीत असतील, तर त्यांच्याशी हुज्जत घालू नये.

हे यंत्र बनविणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचे नाव घेताना आम्हांला थोडा अभिमान वाटतो, आणि तो आम्ही लपवीत नाही. इंग्लंडमधल्या शेतकऱ्याचा हा मुलगा. विद्यापीठाची पदवी त्याच्यापाशी नव्हती. युद्धात विमानदलात रडारचे काम शिकला, नंतर ई.एम.आय. या कंपनीत लागला. होय, जी ग्रामोफोनच्या तबकड्या काढी तीच. पहिल्या प्रयोगात एका वस्तूचे मापन पुरे व्हायला नऊ दिवस लागले! १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या अॅटकिन्सन मॉर्ली इस्पितळात पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र निघाले. १९७९ चे नोबेल पारितोषिक त्याला आणि अॅलन कॉर्मॅक यांना विभागून मिळाले. कॉर्मॅक यांनी हे गणित स्वतंत्रपणे आधीच मांडले होते. आज हेच काम काही सेकंदांत होते. जाहिरातीत 'सोळा स्लाइस', 'चौसष्ट स्लाइस' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ नळीच्या एका फेऱ्यात किती तुकड्या एकदम टिपल्या जातात. तुकड्या जास्त म्हणजे वेळ कमी. धडधडत्या हृदयासाठी त्याचे महत्त्व फार. पोटातल्या मुतखड्याला सोळाही पुष्कळ होतात. २०२० च्या सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारने करोनाच्या काळात छातीच्या स्कॅनचे दर बांधून दिले, तेही याच हिशेबाने: सोळाच्या आतले यंत्र २००० रुपये, त्यापुढे २५००, आणि चौसष्टच्या वरचे ३०००.

क्ष-किरणांचे आणखी दोन प्रकार थोडक्यात सांगतो. एक हलते चित्र. किरण सतत किंवा ठोक्याठोक्याने सोडून पडद्यावर प्रत्यक्ष हालचाल पाहावयाची: गिळलेले बेरियम अन्ननलिकेतून कसे उतरते, हृदयाच्या शिरेत सोडलेले औषध कुठे अडते, मोडलेल्या मांडीत सळई बरोबर बसली की नाही. अँजिओग्राफी ती हीच. हिच्यात चित्र किती वेळ चालू ठेवले यावर सारे अवलंबून असते, आणि रोज तिथे उभे राहणाऱ्या डॉक्टर, परिचारिका व मदतनीस यांना शिशाचा अंगरखा लागतो. शल्यगृहातल्या वॉर्डबॉयला तो मिळतो का, हे आम्ही जिथे जातो तिथे पाहतो. दुसरा प्रकार मॅमोग्राफी, स्त्रियांच्या स्तनांचा फोटो. तिथे सारे मांस एकसारखेच मऊ, म्हणून मुद्दाम कमी दाबाचे किरण वापरतात आणि स्तन दाबून पातळ करतात. ते दुखते हे खरे, पण त्यामुळेच किरण कमी लागतात आणि चुन्याचे बारीक कण दिसतात. आमच्या सभासद भगिनींना याविषयी बोलताना संकोच वाटतो; म्हणून इथे उघड बोललो.

आता भीतीचा विषय. तारापूरला १९६९ साली देशातले पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले. तेव्हापासून आपल्या गावांत 'किरणोत्सर्ग' हा शब्द चहाच्या टपरीवरही बोलला जातो. केंद्रात काम करणारा माणूस छातीला बिल्ला लावतो आणि त्याच्या अंगावर किती मात्रा पडली याची नोंद राहते. एक्स-रे खोलीतला तंत्रज्ञही तसाच बिल्ला लावतो. दोघांवर देखरेख एकाच अणुऊर्जा नियामक मंडळाची. मात्रा मिलिसीव्हर्ट या मापाने मोजतात. कामगारासाठी पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षी ३० च्या वर नाही, अशी मर्यादा आहे. सामान्य जनतेसाठी, कारखान्याकडून पोहोचणारी, वर्षाला १. रोग्यासाठी मात्र मर्यादाच नाही. त्याच्या बाबतीत डॉक्टरने एवढेच पाहावयाचे, की होणारा लाभ जोखमीपेक्षा मोठा आहे. हे योग्यच आहे, कारण मरणाऱ्या माणसापुढे आकड्यांची भिंत उभी करता येत नाही. परंतु याचा अर्थ असाही होतो, की तिथे बिल्ला नाही, नोंदवही नाही, आणि विचारणारा फक्त रोगीच.

छातीच्या एका साध्या फोटोत सुमारे ०.०२ मिलिसीव्हर्ट मात्रा पडते. जमीन, आकाश, अन्न आणि हवा यांतून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट निसर्गतःच मिळतात; म्हणजे एक फोटो तीन दिवसांच्या निसर्गाइतका. एवढ्यासाठी घाबरून क्षयाची तपासणी टाळणे हा वेडेपणा. छातीचा नेहमीचा सीटी सुमारे ६ मिलिसीव्हर्ट. म्हणजे साधे तीनशे फोटो, किंवा अडीच वर्षांचा निसर्ग. हेही एकदा आवश्यक असेल तर डगमगण्यासारखे नाही. दर चार महिन्यांनी 'बघू तरी' म्हणून करण्यासारखेही नाही, विशेषतः मुलांच्या बाबतीत, आणि पोटात मूल असण्याची शक्यता असेल तर ते आधी सांगितलेच पाहिजे.

मे २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य करोनात उगाच सीटी करू नका असे सांगताना एक सीटी म्हणजे तीनशे ते चारशे फोटो असा हिशेब दिला. क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने तत्काळ प्रतिवाद केला, की नव्या यंत्रांत मात्रा पुष्कळच उतरली आहे. लोक गोंधळले. आमच्या मते वाद आकड्यांचा कमी आणि यंत्र कसे लावले याचा अधिक होता. तेच यंत्र कमी मात्रेवर लावता येते आणि भरपूर मात्रेवरही. तेव्हा वादात पडण्यापेक्षा आपला आकडा विचारावा. बहुतेक सीटी यंत्रे चित्रांबरोबर एक हिशेबाचे पान काढतात. त्यावर 'डी.एल.पी.' म्हणून एक अंक असतो. छातीच्या स्कॅनचा तो अंक ०.०१४ ने गुणावा. उत्तर मिलिसीव्हर्टमध्ये येते. अंक ४०० असेल तर साडेपाचाच्या थोडे वर. आमच्या कचेरीतली पोरे हा गुणाकार मोबाइलवर करतात.

मग साधा फोटो आणि सीटी यांची समोरासमोर परीक्षा कधी झाली का? झाली. अमेरिकेत ५३,४५४ माणसांवर, जी अनेक वर्षे भरपूर सिगारेटी ओढलेली होती. निम्म्यांना दरवर्षी साधा फोटो, निम्म्यांना कमी मात्रेचा सीटी. २०११ साली निकाल आला: सीटीच्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू वीस टक्क्यांनी कमी. इथे मोठ्या फोटोने धाकट्याला निर्विवाद हरविले. पण त्याच परीक्षेत सीटीने ज्यांच्याकडे बोट दाखविले त्यांतल्या शंभरांपैकी नव्वदाहून अधिकांना कर्करोग नव्हताच. आपल्या देशात तर कितीतरी छात्यांत जुन्या क्षयाचे वण आहेत. सरसकट सर्वांना सीटी करा म्हणणाऱ्याने त्या वणांमागे किती सुया आणि किती निजेविना रात्री येतील, हेही धरावे.

आणि एक रोग असा आहे की त्याच्यापुढे लहान-मोठे दोन्ही फोटो हात टेकतात. कापसाच्या धुळीत काम करणाऱ्याची छाती सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला आवळते, पुढच्या दिवसांत सैल पडते. मुंबईच्या गिरणगावात हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. या रोगाला बिसिनोसिस म्हणतात आणि त्याचा फोटो पुष्कळदा निर्मळ येतो. तो पकडावयाचा तर पाळीच्या आधी आणि नंतर फुंकर मोजणाऱ्या यंत्रात श्वास सोडवून पाहावा लागतो. इथल्या कापडाच्या कारखान्यांत जेव्हा 'फोटो साफ आहे' असे सांगितले जाते, तेव्हा आमचे उत्तर असते, की फुंकर मोजली का? अॅस्बेस्टॉसची गोष्ट आणखी निराळी. तिथे फोटोत खूण उमटायला वीस वीस वर्षे लागतात. मुंबईतल्या एका अॅस्बेस्टॉस कारखान्यातील १८१ कामगारांची तपासणी करून २००५ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. पाचांतल्या एकाहून थोड्या अधिकांत अॅस्बेस्टॉसिस आढळला. धूळ घेतली तरुणपणी आणि फोटो बोलला निवृत्तीच्या सुमारास.

म्हणूनच जुन्या फिल्मेची किंमत. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात आदेश दिला, की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षे किंवा काम सुटल्यावर पंधरा वर्षे, यांपैकी जे उशिरा संपेल तोपर्यंत जपावी. तो आदेश त्या धंद्यापुरता होता. गारगोटीच्या धुळीतल्या कामगाराला तितकीच गरज आहे असे आमचे म्हणणे आहे, आणि ते आम्ही प्रत्येक वाटाघाटीत मांडतो. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या यादीत सिलिकोसिस कळविण्याजोगा रोग होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या यादीतही तो आहे. मालकाने तर कळवायचेच, उपचार करणाऱ्या डॉक्टरानेही कळवायचे आहे. कंत्राटी कामगार आज या कारखान्यात, उद्या त्या. त्याचे फोटो पाच ठिकाणी पडून राहतात आणि त्याच्या हातात एकही नसतो. संघटनेने यावर साधा उपाय चालविला आहे: तपासणी झाली की फिल्म किंवा तबकडी आणि अहवालाची प्रत त्याच दिवशी मागून घ्यावयाची, मागे तारीख आणि त्या वेळचे काम लिहावयाचे, आणि गावी जाताना बरोबर न्यावयाची. अनेक जण फिल्म खिडकीला लावून मोबाइलने तिचा फोटो काढतात आणि मूळ फेकतात. पाठवलेल्या त्या चित्रात मोडलेले हाड दिसेल, दीड मिलिमीटरचा ठिपका कधीच दिसणार नाही. मूळ ठेवा. फिल्म असेल तर उन्हापासून आणि ओलीपासून दूर, कागदात घालून. आपल्या पावसाळ्यात दोन फिल्मा एकमेकींना चिकटतात.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे, तेव्हा थांबतो. डावीकडच्या टेबलावर आम्ही दिव्याची पेटी मांडली आहे. तिच्यावर चार फिल्मा आहेत, नावे चिकटपट्टीने झाकलेली: एक साफ, एक क्षयाची, एक गारगोटीच्या धुळीची, आणि एक अर्ध्या श्वासात काढलेली. शेजारी सीटीच्या तुकड्यांचे एक पान आहे. ओळीने या, आणि कोणती कोणती ते आधी स्वतः ओळखून पाहा. मग आम्ही सांगू.